बळ आणि पकड

दल्ली-राजहरा येथील खाणींतून लोहखनिज घेऊन मालगाड्या भिलाईकडे येतात. अशी हजारो टनांची गाडी ओढणाऱ्या मोठ्या विद्युत इंजिनाला सहा आस असतात आणि प्रत्येक आसाला स्वतःची मोटर असते. पुढच्या दोन आसांनाच सारे बळ दिले, तर ती चाके गुळगुळीत रुळावर जागच्या जागी फिरत राहतील. गाडी हलणार नाही. कारण चाक जमिनीला किती रेटू शकते, हे इंजिनाच्या सामर्थ्यावर नव्हे, तर त्या चाकावर पडणाऱ्या भारावर आणि खालच्या पृष्ठभागाच्या पकडीवर अवलंबून असते. पावसात रूळ ओले झाले की याच पकडीसाठी चाकांखाली वाळू सोडावी लागते.

हेच तत्त्व मोटारीच्या बाबतीत जगाला पटवून दिले ते रॅलीच्या शर्यतींनी. रॅली ही वर्तुळाकार मैदानावरची शर्यत नव्हे. वाहतुकीस बंद केलेल्या डोंगरवाटांवर, खडीवर, चिखलावर, बर्फावर एकेक मोटार काही अंतराने सुटते आणि घड्याळाशी झुंजते. शेजारी बसलेला सहचालक पुढील प्रत्येक वळणाचे टिपण वाचून दाखवीत असतो. 1981 पासून ऑडी क्वात्रो या जर्मन मोटारीने या शर्यतींत चारही चाकांना बळ देण्याचा लाभ सिद्ध केला. दोन चाकांच्या मोटारीत सुमारे अर्धाच भार कामी येतो. चारही चाके रेटू लागली की संपूर्ण भार पकडीच्या उपयोगी पडतो.

तथापि पकड वाढली तशी बळाची हावही वाढली. ‘ग्रुप बी’ या वर्गात केवळ 200 मोटारी बनवल्या की शर्यतीची अनुज्ञा मिळे. त्यामुळे या मोटारी रस्त्यावरील वाहनांपासून फार दूर गेल्या. 1986 मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक मोटार गर्दीत घुसून प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी 2 मे रोजी कॉर्सिका बेटावर फिनलंडचा चालक हेन्री टोइव्होनेन व त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांचा अंत झाला. वर्षअखेर तो वर्गच रद्द झाला. त्यानंतर मान मिळाला तो ‘ग्रुप ए’ला. त्याची अट अशी की, जी मोटार हजारोंच्या संख्येने निर्माण होते आणि सामान्य ग्राहकाला विकत घेता येते, तीच शर्यतीत उतरावी.

या अटीतूनच जपानच्या दोन विख्यात मोटारी जन्मास आल्या आणि दोन्ही 1992 सालीच. एक मित्सुबिशीची लान्सर इव्होल्यूशन. दुसरी सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स. सुबारू हे जपानी भाषेत कृत्तिका नक्षत्राचे नाव. पाच कंपन्या एकत्र येऊन 1953 मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज ही संस्था उभी राहिली; म्हणून तिच्या मोटारींच्या बोधचिन्हात एक मोठा व पाच लहान तारे आहेत.

इम्प्रेझा दिसायला चार दारांची साधी कौटुंबिक मोटार. पण तिच्या दोन लिटरच्या इंजिनातील चार दट्टे दोन-दोन करून समोरासमोर आडवे बसवलेले. त्यामुळे इंजिनाचा भार जमिनीलगत राहतो आणि वळणावर मोटार कमी कलते. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंवर टर्बोचे चक्र फिरते, ते इंजिनात अधिक हवा कोंबते, आणि 240 अश्वशक्ती चारही चाकांना वाटली जाते. 1995 मध्ये स्कॉटलंडच्या कॉलिन मॅकरे याने हिच्या शर्यतीच्या आवृत्तीवर, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जगज्जेतेपद मिळवले. पुढे 1996 ते 1999 अशी सलग चार वर्षे टॉमी मॅकिनेनने ते लान्सरकडे खेचून नेले. याच लान्सरचे साधे भावंड 1998 पासून तिरुवल्लूर येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि भारतीय घरांसमोर उभे राहिले.

आज या दोन्ही मालिकांचा तो काळ सरला आहे. सुबारूने 2008 अखेर जागतिक रॅलीतून माघार घेतली. इव्होल्यूशनची निर्मितीही थांबली. पण चारही चाकांना बळ देणाऱ्या मोटारी आता आपल्याही रस्त्यांवर दिसतात, आणि त्यांच्याविषयी एक भ्रम आढळतो. ओल्या रस्त्यावर अशी मोटार न घसरता वेग घेते, म्हणून चालकाला रस्ता सुरक्षित वाटू लागतो. वस्तुतः ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. वेग घेताना मिळालेला अधिकचा लाभ थांबताना मिळत नाही. तेथे टायर, ओलावा आणि वेग यांचाच हिशेब चालतो. वेग दुप्पट झाला, तर थांबण्यासाठी लागणारे अंतर सुमारे चौपट होते. भिलाईच्या वसाहतीतील रुंद, सरळ रस्त्यांवर आषाढात पाणी साचते, तेव्हा हा हिशेब बदलण्याचे सामर्थ्य कोणत्याही इंजिनात नसते. खनिजगाडीचा चालक हे जाणतो. म्हणून सिग्नल दिसण्याआधीच तो थांबण्याचा विचार करू लागतो.