टाळू शिवली, जबड्याचं काय?

(चेन्नईतील मराठी श्रोत्यांसमोर उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानातून)

भर मे महिन्यात चेन्नईत दाता-जबड्यांवरचं व्याख्यान ऐकायला माणसं येतात, याचं श्रेय मी सभागृहातल्या एसीला देतो आणि विषयावर येतो.

साधारण 700 ते 1000 जन्मांमागे एक मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मतं. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, हे मराठी घरांत अजून ऐकू येतं आणि तमिळ घरांतही. ते खोटं आहे, पुढे जाऊ.

मूल नऊ महिन्यांचं ते वर्षाचं झालं की टाळू शिवतात. घरी पेढे वाटले जातात. पण या शस्त्रक्रियेचा पुरता निकाल लागायला मूल सतरा-अठरा वर्षांचं व्हावं लागतं.

शिवताना सर्जन टाळूचं अस्तर दोन्ही बाजूंनी हाडापासून सोडवतात आणि मधोमध आणून जोडतात. अनेकदा दाढांच्या आतल्या अंगाला हाडाची पट्टी उघडी राहते. ती भरते, पण व्रणाने, आणि व्रण आकसतो. त्या वयात वरचा जबडा पुढे, खाली आणि रुंदीला वाढत असतो. हा व्रण त्याला मागे धरून ठेवतो. खालचा जबडा मात्र आपल्या चालीने वाढत राहतो. वाढ खुंटलेल्या अशा एखाद्या दहा वर्षांच्या मुलाच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे हातात घ्या. वरची कमान आक्रसलेली, वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या आत. फटीलगतचा एक दात नाहीच, किंवा असला तर खुंटीसारखा. लंडनचे मायकेल मार्स आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अशा साच्यांसाठी पाच गटांची ‘गोस्लॉन’ मोजपट्टी बनवली. पाचव्या गटात पडलेल्या मुलाला पुढे बहुधा जबड्याची शस्त्रक्रिया लागते.

पण दोष व्रणाचाच कशावरून? जबडा मुळातच खुजा असेल तर? मेक्सिकोत ऑर्टिझ मोनास्टेरिओ यांनी 1959 मध्येच याचा शोध घेतला होता. पुढे 1984 पासून मार्स यांनी इथून जवळच, श्रीलंकेत, कधीच शस्त्रक्रिया न झालेले प्रौढ तपासले. त्यांचा वरचा जबडा चांगला पुढे वाढलेला होता. फक्त ओठ शिवलेल्यांचाही बऱ्यापैकी. मागे राहिला होता तो लहानपणी टाळू शिवलेल्यांचा.

मग उशिरा शिवावं का? जर्मनीत श्वेकेंडीक यांनी टाळूचा कठीण भाग कित्येक वर्षं उघडा ठेवून पाहिला. जबडे छान वाढले, बोलणं बिघडलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, फक्त टाळू दुभंगलेल्या बाळांमध्ये, सहाव्या महिन्यात शिवलेल्यांपैकी 8.9 टक्के मुलांना पाचव्या वर्षी बोलताना हवा नाकात निसटण्याचा त्रास होता. बाराव्या महिन्यात शिवलेल्यांपैकी 15 टक्क्यांना. जबड्याच्या धास्तीने टाळू शिवणं लांबणीवर टाकू नये, या मताचा मी आहे. मागे राहिलेला जबडा सतरा-अठराव्या वर्षी पुढे आणता येतो. अंगवळणी पडलेलं गेंगाणं बोलणं त्या वयात सहसा पुरतं सुटत नाही.

म्हणजे जबड्याकडे काणाडोळा करायचा असं नाही. सुळा येण्याआधी, आठ ते अकराच्या दरम्यान, कमरेच्या हाडातला चुरा हिरडीच्या फटीत भरतात, म्हणजे सुळ्याला उतरायला हाड मिळतं. त्याच्या आगेमागे कमान रुंदावणं, दातांना तारा लावणं. जबडा फारच मागे असेल तर हाड कापून रोज सुमारे एक मिलिमीटर पुढे सरकवतात. यातही मेख आहे: जबड्याबरोबर मऊ टाळूही पुढे जाते आणि सुधारलेलं बोलणं कधी कधी पुन्हा नाकात शिरतं. म्हणून सर्जन, दंतवैद्य आणि वाचातज्ज्ञ एका टेबलाशी बसायला हवेत.

चेन्नईतल्याच पोरूरच्या श्रीरामचंद्र संस्थेत अशी एकत्र कामं चालतात. त्यांच्या लोकांनी वाचोपचार तिरुवण्णामलैच्या गावांपर्यंत नेले आहेत. याच संस्थेतल्या डॉ. ज्योत्स्ना मूर्ती यांनी 2009 मध्ये प्रौढ वयात येणाऱ्या रुग्णांवर लेख लिहिला, म्हणजे उशिरा येणारेही आहेतच. आपल्याकडे शस्त्रक्रियांचे आकडे छापले जातात, दातांच्या तारांचे फारसे दिसत नाहीत.

उपचारांसाठी सरकारी वाटही आहे: पालघरला 2013 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि त्याच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. नात्यात, शेजारात असं मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना सांगा: टाळू शिवून झाली तरी अठरा पूर्ण होईपर्यंत दातांची तपासणी चुकवू नका.