खोल पाण्यातील डोळा



मराठीच्या अध्यापकाने महासागराच्या तळाविषयी बोलावे, तेही समुद्रापासून इतक्या दूरच्या या ग्वाल्हेर नगरीत, याचे आपणांस नवल वाटेल. पण मला तेथे प्रथम नेले ते ग्रंथालयातील पुस्तकानेच. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावनच्या समरातील पराभूत योद्धा, हे रहस्य व्हर्नने १८७५ च्या कादंबरीत उघड केले. म्हणजे तो आपला शेजारीच!

नेमो पाणबुडीच्या गवाक्षातून जलचर पाहतो. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श असेच मारियाना गर्तेच्या तळाशी स्वतः उतरले. जेमतेम वीस मिनिटे थांबले. पण गाळ असा उसळला की एकही छायाचित्र घेता आले नाही.

पुढे जपानने ‘काइको’ हे दूरनियंत्रित यान घडविले. माणसे जहाजावर, डोळा तेवढा खाली. पाण्यातून रेडिओलहरी दूरवर जात नाहीत. म्हणून आज्ञा आणि चित्रे यांची ने-आण केबलमधूनच. लाटांवर डोलणाऱ्या जहाजाचे हिसके यानाला बसू नयेत यासाठी जाड केबलला एक वाहक टांगला आणि त्यातून यान बारीक केबलीवर मोकळे सोडले. १९९४ साली तळ हाताशी आला असता पडद्यावरील चित्रच बंद पडले. त्या मंडळींची काय घालमेल झाली असेल! अखेर २४ मार्च १९९५ रोजी यान १०,९११ मीटरांवर पोहोचले.

तेथे मिट्ट काळोख आणि वातावरणाच्या हजारपटींहून अधिक दाब; तरीही जीवसृष्टी होती. पुढील फेऱ्यांत कोळंबीसारखे भासणारे चिमुकले प्राणी मिळाले, गाळातून जीवाणू मिळाले. त्यांतील काही आपल्याकडच्या दाबात वाढतच नाहीत. प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी समुद्रतळाचा दाब निर्माण करावा लागला. आपण ज्याला चिरडणे म्हणतो, ते त्यांचे जगणे. मला या साऱ्या हकीकतीत हेच सर्वांत विलक्षण वाटते.

आपल्या देशातही चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचे ‘रोसब ६०००’ हे यान २०१० मध्ये हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खोल गेले.

‘काइको’चे पुढे काय झाले? मे २००३ मध्ये शिकोकू बेटाजवळ, वादळ येत असता, ती बारीक केबल तुटली. वाहक वर आला. यान शोधूनही सापडले नाही. त्या जुन्याच वाहकाला नंतर जे यान जोडले, ते सात हजार मीटरांपलीकडे उतरू शकत नव्हते.