पट्टी, लय आणि रुक्मिणीचा यमन
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचे लग्न लावले ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. शब्दाचे लग्न ज्या गावात लागले, त्या गावात शब्द आणि सूर यांच्या संसाराबद्दल बोलायला मिळते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यात मी निवडलेली नायिकाही विदर्भकन्याच आहे. खाडिलकरांच्या 1916 सालच्या ‘संगीत स्वयंवर’मधली रुक्मिणी. भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा गळा.

मघाशी तुम्हाला तिचे यमनातले पद दोनदा ऐकवले. तबकडी तीच, सुई तीच. पहिल्या खेपेला मी चाक मुद्दाम जलद ठेवले होते. तुमच्यातल्या कित्येकांनी मान डोलावली, पण पुढच्या रांगेतल्या एक आजी दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, “आता कशी शांत झाली बघा पोरगी!” माझे सगळे व्याख्यान त्या वाक्यात आहे.

जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ज्या चिजेवरून चाल घेतली तिचा मुखडा छापलेला असतो. पट्टी छापलेली नसते आणि लयही छापलेली नसते. युरोपातल्या ऑपेरात तसे नाही. तिथे रचनाकार कागदावरच स्वर ठरवून देतो आणि ‘अलेग्रो’, ‘आंदान्ते’ असे शब्द लिहून लयही सांगतो. मोझार्टचे ध्वनिमुद्रण चुकीच्या वेगाने वाजले, तर स्वरलिपी समोर धरून चूक पकडता येते. आपल्याकडे षड्ज ज्याचा त्याचा. कुणाचा पांढरी एक, कुणाचा काळी चार. लय त्या रात्रीची, त्या नटाची, समोरच्या प्रेक्षकांची. म्हणून रुक्मिणीने कोणत्या पट्टीत आणि किती संथपणे आपले मन उघड केले, याचा पुरावा एकाच ठिकाणी उरला आहे: तबकडीच्या खाचेत.

आणि तो पुरावा नाजूक आहे. या तबकड्यांना आपण अठ्ठ्याहत्तरच्या म्हणतो, म्हणजे मिनिटाला 78 फेरे. पण जुन्या काळी मुद्रणाचा वेग नेहमी काटेकोर 78च असे, असे नाही. समजा, एखादे पद 74 फेऱ्यांवर मुद्रित झाले आणि आपण ते 78वर वाजवले. 190 सेकंदांचे गाणे 180 सेकंदांत संपते. दहा सेकंदांनी काय बिघडते, असे वाटेल. पण तबकडीत लय आणि पट्टी एकाच दोरीला बांधलेल्या असतात. वेग वाढला की स्वरही चढतो, आणि इथे तो जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमधला गायक पांढरी दोनमध्ये जाऊन बसतो.

मग भाव कसा पालटतो ते पाहा. यमनात निषादावरून, षड्जाला वळसा घालून, रिषभ-गंधाराकडे जाणारी वाट असते. त्या वाटेवर गळा किंचित रेंगाळतो, तेव्हा कृष्णाला मनाने वरलेल्या मुलीचा निश्चय ऐकू येतो. चाक जलद झाले की ते रेंगाळणे आखडते, मींड झटक्यासारखी लागते, आवाजाचा गाभा पातळ होतो, ‘स’कार शिट्टीसारखा टोचतो. निश्चयाच्या जागी लगबग येते. शब्द तेच, राग तोच, पण रुक्मिणी दुसरी.

तबकडीची स्वतःची एक सक्तीही होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटे मावत. रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत पद कितीतरी वेळ रंगे. मागे अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे. ते सगळे तीन मिनिटांत बसवताना विस्तार कापावा लागे, ठेका थोडा पुढे ओढावा लागे. तेव्हा मुळातच घाईत असलेल्या गाण्याला आपण आणखी पळवू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

खरा वेग ओळखायचा कसा? साथीला ऑर्गन किंवा पेटी असेल तर तिला साक्षीला बोलवा. गळा कुठेही षड्ज धरू शकतो, पण ऑर्गनला पट्ट्यांच्या अधेमधे जागा नाही. घरची नीट जुळवलेली पेटी घ्या. तबकडीतला षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध लटकत असेल, तर बहुधा चाक चुकते आहे. वेगाचा खटका हळूहळू फिरवा, स्वर पट्टीवर येऊन बसेल. थोडी फट राहिली तर घाबरू नका. फ्रान्सने 1859मध्ये वाद्ये जुळवण्याच्या प्रमाण स्वराची सेकंदाला 435 कंपने ठरवली आणि पुढे जगात 440 रूढ झाली. जुने वाद्य आजच्या पेटीपेक्षा अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाइतके उतरलेले असू शकते. आणि जवळच्या दोन पट्ट्यांपैकी खरी कोणती, हा शेवटचा निवाडा मात्र कानाने करायचा. ज्या वेगावर गाणारा माणसासारखा श्वास घेतो, तो वेग खरा.

आमच्या आजोबांकडे चावीचा ग्रामोफोन होता. गाण्याच्या अखेरीस चावी उतरायची आणि आवाज खाली घसरायचा. ते धावत जाऊन चावी देत आणि म्हणत, “बाई दमली.” आम्ही मुले हसायचो. आज कळते, यंत्राच्या चुकीखाली गाणारे माणूस दबू नये म्हणून ते धावत होते.

शेवटी एक विनंती. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर इथल्या जुन्या वाड्यांत अजून तबकड्या असतील. त्या मोबाईलवर उतरवून घ्या, जरूर घ्या. पण आधी पेटी जवळ ओढा, षड्ज जुळवा आणि कव्हरवर पेन्सिलीने दोन गोष्टी लिहा: पट्टी कोणती आणि वेग किती. पुस्तकात छापायचे राहून गेलेले तेवढे दोन शब्द तुम्ही लिहिलेत, की तुमच्या नातवंडांना तीच रुक्मिणी भेटेल, जी मघाशी त्या आजींना भेटली.