उघडा डोळा, रिकामा हात

'साक्षी' या शब्दात 'अक्ष' म्हणजे डोळा दडलेला आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो साक्षी. अरबीतून आलेला 'शहादत' हा शब्दही साक्षीचाच. मशिदीतून दिवसातून पाच वेळा अजान होते, तिच्यात 'मी साक्ष देतो' हे शब्द असतात. आणि आपला 'पंचनामा' पाहा. त्यातला पंच इथला, नामा फारसीतला. पाहणाऱ्याला मान द्यावा, यावर या साऱ्या भाषांचे एकमत आहे.

आता हा डोळा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. चुडाव्यासारख्या गावातही पोलिसांची गाडी थांबली, दोन शब्द वाढले, की तरुण पोरे मोबाइल वर धरतात. म्हातारी माणसे दटावतात, "ठेव रे तो खिशात, नसतं लफडं गळ्यात येईल." त्यांची भीती पोकळ नाही. वर्धा येथील पोलीस ठाण्यात चित्रण केले म्हणून एका नागरिकावर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. इंग्रजांनी हेरांसाठी केलेला हा कायदा! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. त्या कायद्यातल्या 'निषिद्ध ठिकाणा'च्या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पाथर्डीच्या एका प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही २०२४ मध्ये हाच निर्वाळा दिला.

या डोळ्याची किंमत आमच्या परभणीला विचारावी. ख्वाजा युनूस हा परभणीचा तरुण अभियंता. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात त्याला डिसेंबर २००२ मध्ये पकडले. औरंगाबादकडे नेताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला, असे जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले. पुढे तपासात तो कोठडीतच मरण पावल्याचा निष्कर्ष निघाला आणि पोलिसांवर खटला उभा राहिला. त्याचा मृतदेह मात्र कधीच मिळाला नाही. त्याला मारहाण होताना पाहिल्याचे सहआरोपींनी सांगितले. म्हणजे पाहणारे होते, पण ते स्वतःच कोठडीत होते.

पुढे जवळपास बावीस वर्षांनी, १० डिसेंबर २०२४ ला, परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. या वेळी वस्त्यांमधल्या पोलिसी कारवाईची मोबाइलवरची दृश्ये राज्यभर पोहोचली होती. विधानसभेत सरकारने सीसीटीव्हीचा हवाला देऊन कोठडीतली मारहाण नाकारली. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांची नोंद होती. उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. रस्त्यावरचा कॅमेरा लोकांच्या हाती होता, कोठडीतला सरकारच्या. म्हणूनच पोलीस ठाण्यांत आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावावेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश मोलाचा आहे. तो भिंतीवरच्या बंद कॅमेऱ्याने पाळला जात नाही.

कोणी विचारील, नुसते पाहून काय होणार? हाती हत्यार हवे. हा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. ओकलंड शहरात १९६६ मध्ये 'ब्लॅक पँथर' संघटनेचे तरुण भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन पोलिसांच्या मागे गस्त घालत. पोलिसांनी कोणाला अडवले, की हे अंतर राखून उभे राहत आणि त्याला त्याचे हक्क सांगत. त्या वेळी तिथल्या कायद्यात ते बसत होते. पण १९६७ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी अशा बंदुकांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. पोलिसांची वागणूक बाजूला राहिली आणि चर्चा बंदुकीची झाली. त्याच पँथरचे नाव १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी घेतले. हे लिहिते लोक होते. नाव तिकडचे घेतले, तरी मराठीला हादरवले ते त्यांच्या शब्दांनी.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि ते बरेच आहे. बंदूक दिसली, की समोरचा पोलीसही आपल्या बंदुकीकडे हात नेतो. मग साक्ष संपते आणि चकमक सुरू होते. मिनियापोलिस शहरात मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉईडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्याचा मृत्यू म्हणजे प्रकृतीची घटना होती. सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मोबाइलने ते निवेदन खोटे पाडले. तिच्या हातात दुसरे काही नव्हते.

पण साक्षीलाही शिस्त हवी. अंतर ठेवून उभे राहावे, कामात आडवे येऊ नये, शिवीगाळ करू नये. मूळ चित्रण कापू नये. मूळ फाइल जपावी, कारण न्यायालयात तिचाच आधार. अत्याचार झालेल्या बाईमाणसाचा चेहरा कुणाला पाठवू नये. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरूनच पसरल्या होत्या. पाहणे आणि पसरवणे, यांत एवढे अंतर आहे.

प्रामाणिक पोलिसालाही या डोळ्याची भीती नसावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रण पोलिसांनाच बंधनकारक केले आहे, आणि त्यासाठी मोबाइललाच पसंती दिली आहे. खोट्या आरोपातून त्यालाही हेच चित्रण वाचवील. तेव्हा पोरांना "ठेव तो खिशात" म्हणण्यापेक्षा "दोन पावलं मागं उभा राहा, आणि नीट पाहा" एवढे सांगू या.