दिव्यावर कोण आलं?

(श्रीपूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



उसाच्या गावात येऊन किड्यांचं कौतुक सांगायचं म्हणजे धाडसच. नीरा उजव्या कालव्याचं पाणी माळशिरसच्या माळावर आलं, १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभी राहिली, ऊस आला आणि उसामागून त्याच्यावर जगणारे किडेही आले. त्यामुळे किडा दिसला की इथे पहिला प्रश्न असतो, ‘फवारायचं काय?’ माझं म्हणणं एवढंच, की फवारण्याआधी एक फोटो काढा. फोटोसाठी थांबावं लागतं, जवळ जावं लागतं. आणि जवळ गेलं की वैरी कोण नि सोबती कोण, हे कळू लागतं.

हुमणीचंच घ्या. आता वळीव पडेल. पहिल्या चांगल्या पावसानंतर दिवस मावळला की मातीतून तपकिरी भुंगेरे निघतील, बांधावरच्या लिंबावर, बाभळीवर जमतील, पाला खातील, तिथंच नर-मादीचं मीलन होईल आणि उजाडायच्या आत ते पुन्हा जमिनीत शिरतील. हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. मादीनं अंडी घालण्याआधी भुंगेरे वेचले, तर पुढं पावसाळ्यात मुळ्या कुरतडणारी अळी तेवढी कमी होते. म्हणून पहिला फोटो या लिंबाचा काढा. सोबत तारीख, वेळ आणि पाऊस कधी झाला ते लिहा. काही वर्षांच्या नोंदी जमल्या, की आपल्या शिवारात भुंगेरे कधी निघतात हे सांगायला बाहेरचा माणूस लागणार नाही.

दुसरा प्रयोग घराच्या अंगणातला. दोरीवर पांढरं धोतर टाका, पुढं दिवा लावा. पतंग, तुडतुडे, रातकिडे, शेणकिडे येऊन बसतील. किडे दिव्याभोवती घिरट्या का घालतात, याचं एक उत्तर २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. वेगवान कॅमेऱ्यानं टिपल्यावर दिसलं, की उडता किडा दिव्याकडे पाठ करून कलतो. रात्रीच्या आकाशात जिकडे उजेड तिकडे वर, ही त्याची सवय. आपला दिवा ती बिघडवतो आणि किडा तिथंच फिरत राहतो. तेव्हा फोटो झाले की दिवा बंद करा. प्रकाश सापळाही भुंगेरे उडण्याच्या वेळेपुरताच लावा, कारण त्यात मित्रकीटकही सापडतात.

हे मित्र दिसायला फार साधे असतात. २००२ मध्ये महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा आला, पानं पांढरी पडली. तो आवरायला कामी आली डिफा नावाच्या एका बारक्या, राखाडी पतंगाची अळी. जुने शेतकरी तिला कोनोबाथ्रा म्हणून ओळखतात. जोडीला मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक. धोतरावर बसला, तर चिलट समजून झटकाल असा!

आता कोळी. तो कीटक नव्हे. त्याला पाय आठ. बागेत दिसणारी अर्जिओपीची मादी डोकं खाली करून, पाय जोडीजोडीनं ताणून फुलीसारखी बसते. जाळ्यात तिनं पांढरी नागमोडी नक्षी विणलेली असते. ती भक्ष्याला ओढायला, की पाखरांनी जाळं फाडू नये म्हणून, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. निओस्कोना ही रात्रपाळीवाली. संध्याकाळी आधी चौकट, मग मधून निघणारे आरे, मग बाहेरून आत येत चिकट धाग्याची वेटोळी. प्रत्येक आऱ्याशी मागच्या पायानं धागा ओढून ती चिकटवते. पहाटे बहुधा सगळं जाळं खाऊन टाकते. कोळी तुडतुडे खातो, तशी मधमाशीही खातो. त्याला सरसकट शेतकऱ्याचा मित्र म्हणू नका.

जाळ्याचा फोटो समोरून फ्लॅश मारून येत नाही. सोबत्याला बॅटरी घेऊन बाजूला उभं करा, मागं अंधार राहू द्या, मोबाईलला छोटं मॅक्रो भिंग लावा आणि फोकस डोळ्यांवर धरा. जाळ्यावर पाणी वा पीठ मारू नका. बॅटरी स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून गवतावर फिरवली, तर लांडगा-कोळ्यांचे डोळे हिरवट चमकतात. पायात मात्र गमबूट हवेत. सरीत लांबडं असू शकतं.

बी. के. टिकादार यांनी १९६३ मध्ये महाराष्ट्र आणि म्हैसूर राज्यांतल्या कोळ्यांवर शोधनिबंध लिहिला, १९८७ मध्ये भारतीय कोळ्यांचं हस्तपुस्तक दिलं. त्यांना नमुने गोळा करावे लागले; आपल्या खिशात कॅमेरा आहे. तारीख आणि गाव लिहून फोटो ‘आय-नॅचरलिस्ट’वर टाका, नाव सांगणारे जाणकार भेटतात.

तेव्हा संयोजकांना एक विनंती. पुढच्या वर्षी या विषयावर बाहेरून वक्ता बोलावू नका. श्रीपूरच्या पोरांनी काढलेले फोटो इथं पडद्यावर लावा आणि त्यांनाच बोलू द्या. मी श्रोत्यांत बसेन.