शक्ती-तुरा ऐकायला आम्हीही बसलो होतो

आम्ही पूर्णगडच्या बायका.

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथं आमचं गाव. वर टेकडीवर छोटासा किल्ला, खाली खाडी, पलीकडे गावखडी. आमच्या गटात बावीस जणी आहोत. कुणी मासळी विकते, कुणी आंबा-काजूच्या हंगामात मजुरीला जाते, कुणी शिवण करते. आज बचतीचं किंवा कर्जाच्या हप्त्याचं काही सांगणार नाही. आज गाण्याबद्दल बोलणार आहोत.

गेल्या गणपतीत, गौरी गेल्यानंतर, आमच्याकडे शक्ती-तुऱ्याचा सामना झाला. असे सामने आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण कसे ऐकतो? अर्धे स्वयंपाकघरातून आणि उरलेले उभ्याने. दोन्ही पार्ट्यांचं जेवण आमच्याकडे, चहा आमच्याकडे, लहान मुलं आमच्याकडे. गण सुरू होतो तेव्हा आम्ही भाकऱ्या भाजत असतो आणि रंग चढतो तेव्हा भांडी घासत असतो. या वर्षी पहिल्यांदा आम्ही सगळ्याजणी पुढे चटई टाकून, गणापासून शेवटच्या पदापर्यंत बसलो. तो अनुभव तुम्हाला सांगायचा आहे.

घाटावरच्या मैत्रिणींना शक्ती-तुरा म्हणजे काय ते माहीत नसेल, म्हणून थोडं सांगतो. आमच्या रत्नागिरीकडे याला जाखडी म्हणतात. नाचणारे एकमेकांना जखडल्यासारखे गोलात नाचतात, त्यावरून हे नाव पडलं असं जुनी माणसं सांगतात. कुणी बाल्या नाचही म्हणतात. मुंबईत कामाला गेलेल्या कोकणी गड्यांच्या कानात बाळी असायची, म्हणून त्यांना बाल्या म्हणत आणि त्यांच्या नाचाला बाल्या नाच. मध्ये शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला आणि मागे ओढणारे. भोवती आठ-दहा नाचणारे, पायात चाळ. ढोलकी हळू सुरू होते, मग वाढत जाते आणि चाळांचा आवाज एका ठेक्यात पडायला लागला की बसलेल्या माणसाचाही पाय हलतो.

पण शक्ती-तुरा म्हणजे नुसता नाच नव्हे, तो वाद आहे. कलगी-तुऱ्याची ही परंपरा महाराष्ट्रात पेशवाईतल्या शाहिरांच्या काळापासून चालत आलेली आहे. कलगीवाले ते शक्तीचे, म्हणजे पार्वतीचे, मायेचे. तुरेवाले ते शिवाचे, म्हणजे पुरुषाचे. एक पक्ष म्हणतो, शक्ती नसेल तर शिव म्हणजे नुसतं शव. दुसरा म्हणतो, शिवच नसेल तर शक्ती उभी राहणार कशाच्या आधारावर? आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब. पुराणातली कोडी घालायची आणि समोरच्याने ती गाण्यातच सोडवायची. यांना भेदिक गाणी म्हणतात. बाई मोठी की पुरुष मोठा, हा वाद आमच्या अंगणात इतकी वर्षं चालला आहे. आणि गंमत बघा, तो वाद घालणारे दोन्हीकडे पुरुषच असत. शक्तीची बाजूही पुरुषच मांडत. शिमग्यात नमन-खेळ्यांतही तसंच. संकासूर पुरुष आणि गोमूही साडी नेसलेला पुरुषच.

आता हे बदललं आहे. बहुरंगी नमनात बायका काम करू लागल्या आणि शक्ती-तुऱ्यात बाई शाहीर उभ्या राहू लागल्या. आमच्याकडच्या सामन्यातही शक्तीची बाजू घ्यायला एक तरुण मुलगी आली होती. पंचविशीची असेल. समोर तुऱ्याचा शाहीर पन्नाशीचा, मुरलेला, आवाजाला धार असलेला.

आमच्यात एक काकी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचं माहेर शक्तीवाल्यांचं आणि सासर तुरेवाल्यांचं. पन्नास वर्षं त्या सासरच्या अंगणात बसून मनात माहेरच्या पक्षाला साथ देत आल्या आहेत. गाण्यात शाहीर आपल्या गुरूचं नाव गुंफतो, त्यावरून त्या घराणं ओळखतात. लिहिता-वाचता येत नाही, पण कोणत्या कोड्याचं उत्तर कोणत्या कथेत आहे ते त्यांना बरोबर ठाऊक. त्या आमच्या मधोमध बसल्या होत्या आणि आम्हाला अर्थ सांगत होत्या.

पाऊस होता. मांडवावर ताडपत्री होती आणि तिच्यावर पाणी साठलं की पोरं काठीने खालून ढकलून ते पाडत. मुंबईहून आलेले चाकरमानी खुर्च्यांवर. सुरुवात तुऱ्याने केली. गण सुरेख झाला. गवळण तर अशी झाली की आमचं बोलणंच थांबलं. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींचं वर्णन होतं. डोक्यावर भार, उन्हाची वाट, घरी मूल ठेवलेलं आणि वाटेत अडवणारा कृष्ण. मासळीची टोपली घेऊन पावसपर्यंत जाणाऱ्या आमच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ती वाट त्यांच्या ओळखीची होती.

मग शक्तीची बारी आली. मुलगी उभी राहिली तेव्हा मागून शिट्ट्या आल्या. तिने लक्ष दिलं नाही. डोळे मिटून गण म्हटला, तेव्हा शिट्ट्या थांबल्या. काकी म्हणाल्या, “गळा तयार आहे हो पोरीचा.”

सवाल-जवाब सुरू झाले आणि पुढे एक बारी अशी आली की सांगतानाही बरं वाटत नाही. तुऱ्याच्या शाहिराने विषय सोडला आणि मुलीवर घसरला. तिचे कपडे, तिचं अंग, रात्री घराबाहेर राहणारी बाई, मोबाइल घेऊन फिरणाऱ्या सुना. शब्द दोन अर्थांचे, पण अर्थ मात्र एकच होता. खुर्च्यांवर हशा पिकला. आमच्या माना खाली गेल्या. आमच्याबरोबर आठवी-नववीतल्या मुली होत्या. एक जण म्हणाली, “चला, उठू या.” दुसरी म्हणाली, “आपण उठलो तर ती एकटी पडेल.” म्हणून आम्ही बसून राहिलो.

मुलीची बारी आली. आम्हाला वाटलं, आता ही रडेल नाहीतर तसलंच काहीतरी उलटून म्हणेल. तिने दोन्ही केलं नाही. ढोलकीवाल्याला हाताने ठेका हळू करायला सांगितलं आणि कोडं घातलं. शंकराने अर्धनारीनटेश्वराचं रूप घेतलं. उजवं अंग त्याचं, डावं अंग पार्वतीचं. काळीज माणसाच्या डाव्या बाजूला असतं. तर शाहिरा, सांग, त्या एका देहातलं काळीज कोणाच्या वाट्याला आलं? एवढंच. पण तिने ते असं फिरवून फिरवून गायलं की प्रत्येक फेरीला नाचणाऱ्यांचे चाळ त्या एका शब्दावर येऊन पडत होते.

मांडव शांत झाला. मग आधी आमच्या चटईवरून टाळ्या सुरू झाल्या आणि मागे खुर्च्यांपर्यंत गेल्या. काकी उठल्या. कमरेची पिशवी सोडून शंभराची नोट काढली आणि बक्षीस द्यायला पुढे गेल्या. माइकवरच्या माणसाने सवयीने विचारलं, “कोणाच्या नावाने जाहीर करू?” म्हणजे मुलाच्या की नातवाच्या? काकींनी आधी स्वतःचं नाव सांगितलं आणि मग आमच्या गटाचं. पन्नास वर्षांत त्या अंगणात माइकवरून त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकू आलं. त्यानंतर आम्ही दहा-दहा, वीस-वीस रुपये काढले आणि एकेकीचं नाव जाहीर होत गेलं. पैसे थोडे, पण नावं बरीच होती.

तुऱ्याच्या शाहिराचंही सांगायला हवं, नाहीतर ते एकतर्फी होईल. त्याच्या पुढच्या बारीत तो ताळ्यावर आला. त्याने कोडं मान्य केलं. काळीज पार्वतीचं खरं, पण त्यातली धडधड त्या दोघांची, असा त्याचा जवाब होता. सुंदर जवाब. ज्याच्याकडे एवढं आहे त्याला त्या घाणीत उतरायची गरज काय होती? आम्ही दुसऱ्या दिवशी याच प्रश्नावर बोलत बसलो.

आम्हाला असं वाटतं, शाहीर समोरची माणसं बघून गातो. पुढे बसलेले लोक जिथं हसतात, तिकडे तो जातो. इतकी वर्षं पुढे पुरुष बसले आणि आम्ही चुलीपाशी. आमच्या टाळ्या त्याला ऐकूच गेल्या नाहीत. त्या रात्री चटईवर बावीस बायका आणि मुली होत्या, म्हणून चांगल्या सवालाला लगेच दाद मिळाली. ऐकायला बसणं हेसुद्धा काम आहे. बाई ऐकायला असली की गाणं बदलतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

काही जण म्हणतात, असले कार्यक्रम बंदच करा. आम्हाला ते पटत नाही. ही कला आधीच कठीण दिवसांतून जाते आहे. नाचणारी पोरं मुंबईला कामाला, सुट्टी मिळाली तर येणार. मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहात आमच्या कोकणातल्या मंडळांचे कार्यक्रम वर्षानुवर्षं झाले, तेही २०२३ च्या अखेरीस नव्या बांधकामासाठी बंद झालं. अशा वेळी आपणही पाठ फिरवली तर काकींसारखी कोडी उलगडणारी माणसं गेल्यावर उरेल काय? नुसते मोठे स्पीकर आणि शिट्ट्या. म्हणून बंद करू नका, मागण्या करा.

आमच्या गटाने वाडीच्या मंडळाशी बोलून पुढच्या वर्षासाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्याकडे नमन असो, भजनाची डबलबारी असो, तमाशा असो की भारूड, त्या उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट वर्गणीची. बावीस जणींनी प्रत्येकी १०० रुपये काढायचे, २२०० रुपये गटाच्या नावाने द्यायचे आणि पावती गटाच्या नावाने घ्यायची. बचतीच्या पैशाला हात लावायचा नाही, ही वर्गणी वेगळी. वर्गणी दिली की बैठकीला बोलावणं येतं.

दुसरी गोष्ट सुपारी देतानाची. शाहिराला सुपारी द्यायला जाणाऱ्या माणसांत गटातल्या दोघी असतील. तिथंच सांगायचं, सवाल कितीही कठीण घाला, चिमटे काढा, पण कोणाच्या अंगावर, जातीवर, घरावर जायचं नाही. दोन्ही पक्षांना सारखंच सांगायचं.

तिसरी वेळेची. पूर्वी सामना कोंबडं आरवेपर्यंत चाले. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. तेव्हा दहाला सुरू करण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सातला सुरू करा. नियमही पाळला जाईल आणि लेकीबाळींना घेऊन घरी परत जाणंही सोपं होईल.

चौथी जेवणाची. जेवण कार्यक्रमाआधी व्हावं आणि वाढपाला व भांड्यांना वाडीतले तरुण असावेत. या वर्षी आम्ही हट्टाने तसं केलं, म्हणूनच बसता आलं. पोरांनी पहिल्यांदा कुरकुर केली, मग चांगलं वाढलं. भात थोडा करपला, पण कुणी उपाशी राहिलं नाही.

पाचवी, मांडवाजवळ बायकांसाठी आडोशाची सोय आणि वाटेवर दिवे. ही मागणी मोठ्याने करायला लाज वाटते, म्हणून वर्षानुवर्षं राहून जाते. बायका अर्ध्यातून उठून जातात त्याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं.

आणखी एक काम आम्ही हाती घेतलं आहे. काकींना येणारी गाणी आणि कोड्यांची उत्तरं आमच्या शाळेतल्या मुली वहीत उतरवून घेतात. दर रविवारी दुपारी तासभर. शक्ती-तुऱ्याबरोबर गौरीपुढच्या फुगडीची, झिम्म्याची गाणीही. हे काम लहान नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्या गाणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्याच बायका. आपण म्हणतो, मला काय येतंय? पण दळता-कांडता जे ओठांवर आलं ते एवढं होतं. एक वही आणि एक पेन घेऊन तुमच्या गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. गाण्याखाली तिचं नाव लिहा, गाव लिहा, माहेरही लिहा.

आमच्या नववीतल्या एका मुलीने त्या रात्रीनंतर ढोलकी शिकायची म्हणून हट्ट धरला आहे. घरी अजून होकार मिळालेला नाही. तिच्या आईशी आणि आजोबांशी बोलायला आम्ही तिघीजणी येत्या आठवड्यात जाणार आहोत. वाडीत ढोलकी आहे, शिकवायला माणूस तयार आहे. तिला एकटं जावं लागू नये म्हणून शिकायला आणखी दोघी मिळाल्या तर बरं, त्यांचा शोध चालू आहे.

तुमच्या गावी पुढचा कार्यक्रम कधी आहे? बैठक कधी आहे, ते आजच विचारून ठेवा. आणि बैठकीला दोघी जा, एकटी जाऊ नका.