तबकडीतले स्नेहसंमेलन

माजी विद्यार्थी आणि पालकहो,

आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात स्नेहसंमेलनाची, घरच्या कॅमेऱ्याने टिपलेली डीव्हीडी असेल. कन्नड आणि इंग्रजीच्या सहवासात वाढलेली बेंगळुरूची मुले रंगमंचावर कसे मराठी बोलत, याचा बहुधा तोच एक पुरावा उरलेला असतो. परंतु तो चिरस्थायी नाही. घरी ‘बर्न’ केलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि लेझर त्यावर खुणा उमटवतो. ऊन, उष्णता व दमट हवा यांमुळे तो थर विरत जातो. आधी चित्र अडखळते, मग उमटतच नाही.

१९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची सर्व रिळे आज उपलब्ध नाहीत, उरली ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली. आपल्या घरगुती ठेव्याला असा वाली नाही.

म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात आपली तबकडी शाळेत आणावी. सोबत वर्ष आणि मुलांची नावे लिहून द्यावीत. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. अशा शंभर तबकड्या एका लहानशा हार्ड डिस्कवर सहज राहतील. आपण दोन प्रती करू: एक शाळेत, दुसरी अन्यत्र. मूळ तबकडी आपणांस परत मिळेल.

बालपण परतून येत नाही; त्याचा मराठी आवाज तरी आपण राखू या.